इमॅजिकाच्या ‘नायट्रो’चं नगर कनेक्शन 🎢

खोपोलीजवळच्या इमॅजिकाचा कारभार आता आपल्या नगर जिल्ह्यातल्या मंडळींकडे आहे, माहितीये? २०१३ साली सुरू झालेलं हे पार्क २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने घेतलं. शिर्डीचं वॉटर पार्क आणि साईतीर्थही त्यांचंच.

तिथली ‘नायट्रो’ ही रोलर कोस्टर स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार कंपनीची. उंची सुमारे ४० मीटर, गाडी ५ वेळा उलटी होते. प्रकार फ्लोअरलेस: निघण्याआधी पायाखालची जमीनच खाली सरकते आणि पाय लोंबकळायला लागतात! साखळी गाडीला वर ओढून नेते. पुढे इंजिन वगैरे काही नाही, सगळी करामत गुरुत्वाकर्षणाची.

टीप: शेवटच्या रांगेत बसा. पहिल्या उतारावर खरा हिसका तिथेच बसतो.