कंबरदुखी : वाट कधी पाहावी, दवाखाना कधी गाठावा?

गौलीगुडा, जांबाग, सुलतानबाजार या पट्ट्यातील जुन्या मराठी घरांत कुणाची कंबर धरली, की उपचारांचा क्रम जणू ठरलेलाच असतो. आधी शेक, मग मलम, मग औषधाच्या दुकानातून मागून आणलेली गोळी आणि शेवटी कुणीतरी सुचवलेला मालिशवाला. उस्मानिया रुग्णालय जवळ असूनही तिकडे पाऊल सर्वांत शेवटी वळते. बहुतेकांचे यात काही बिघडत नाही, कारण बहुतेक कंबरदुखी आपोआपच ओसरते. प्रश्न उरलेल्या थोड्यांचा आहे. त्यांनी दवडलेला वेळ पुन्हा हाती येत नाही.

२०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. बादली उचलताना उसण भरणे, दुचाकी खड्ड्यात आदळून चमक निघणे, बेगमबाजारात दिवसभर पोती वाहून पाठ आखडणे ही त्यातली नेहमीची रूपे. अशा दुखण्याने माणूस कळवळतो, कूस बदलणेही अवघड होते. तरी ते साधारणतः काही दिवसांत ते सहा आठवड्यांत कमी होते. अंथरुणाला खिळून राहण्याचा सल्ला आता मागे पडला आहे. सोसवेल तितके चालत-फिरत राहणे अधिक हिताचे. वेदनाशामक गोळ्या मात्र मनानेच दिवसेंदिवस घेणे घातक. मूत्रपिंडाचा विकार, जठरव्रण, रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी तर त्या विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

म्हणजे दुखणे किती तीव्र आहे, यावरून धोका ठरत नाही. दुखण्यासोबत आणखी काय आहे, हे पाहावे लागते.

लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा सुटणे, खोगिरावर बसताना टेकतो तो भाग, म्हणजे गुप्तांगाभोवतीचा आणि मांड्यांच्या आतील भाग बधिर होणे, पायांतील शक्ती झपाट्याने कमी होणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी सकाळची वाट पाहू नये. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो आणि त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा मज्जातंतूंचा झुबका उरतो. सरकलेल्या गादीचा दाब त्यावर पडला, तर शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी लागते. उशीर झाल्यास लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. वडीलधारी माणसे हे सांगायला संकोचतात, म्हणून घरच्यांनीच स्पष्ट विचारावे. हैदराबादेत २००५ साली सुरू झालेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका अशाच वेळेसाठी आहे.

दुसरा धोका सावकाश येतो आणि म्हणूनच तो फसवा. मणक्याच्या क्षयरोगात खोकला असतोच असे नाही. पाठीत एकाच जागी आठवडेच्या आठवडे दुखते, विश्रांतीनेही थांबत नाही, संध्याकाळी बारीक ताप येतो, भूक मंदावते, वजन उतरते. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश भारतात आहेत; त्यामुळे परदेशी पुस्तकांत दुर्मीळ ठरवलेला हा आजार इथे दुर्मीळ समजता येत नाही. अशा पोखरलेल्या मणक्यावर जोराची मालिश होणे किंवा पाठ कडकन मोडून घेणे म्हणजे कुबड आणि पक्षाघात यांना निमंत्रणच. वेळेत निदान झाल्यास औषधांनी बहुतेक रुग्ण बरे होतात. ही औषधे सरकारी कार्यक्रमातून विनामूल्य मिळतात. ती सहसा वर्षभर घ्यावी लागतात, आणि बरे वाटू लागले म्हणून मध्येच सोडता येत नाहीत.

पूर्वी कर्करोग झालेल्याची नवी पाठदुखी, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याची पाठदुखी, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, पडल्यानंतरचे दुखणे, यांतही थांबू नये. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्ध स्त्रियांचा मणका नुसते वाकून भांडे उचलतानाही पिचू शकतो. उतारवयात, विशेषतः धूम्रपान करणाऱ्याला, पोटात व पाठीत एकाएकी भयंकर कळ येऊन घाम फुटला, तर महाधमनी फुटल्याची शक्यता असते. तिथे मिनिटे मोलाची असतात.

यांपैकी काहीच नसेल, तर पहिल्याच आठवड्यात एमआरआयच्या रांगेत उभे राहण्याचे कारण नाही. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांची तपासणी केली, तरी सुमारे ३७ टक्क्यांच्या गाद्यांत झीज दिसते. ऐंशीत हे प्रमाण ९६ टक्क्यांवर जाते. ‘गादी झिजली’ हे अहवालातले शब्द वाचून अनेक जण विनाकारण धास्तावतात. सहा आठवड्यांनीही आराम नसेल किंवा कळ पायात उतरून वाढतच असेल, तर नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावे. दुखणे केव्हा सुरू झाले, रात्री वाढते का, ताप येतो का, कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या, हे कागदावर लिहून न्यावे. घेतलेल्या गोळ्या सांगण्याचे बहुतेक जण टाळतात, आणि डॉक्टरांना नेमके तेच कळायला हवे असते.