तेलाच्या बाटलीवरील दावा

तेलाच्या बाटलीवर हृदयाचे चित्र दिसले की गिऱ्हाइकास वाटते, हे तेल म्हणजे औषधच! खालची बारीक अक्षरे वाचण्याची तसदी मात्र थोडेच घेतात.

अमेरिकेचे उदाहरण पाहू. तेथील अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली एका दाव्यास हरकत न घेण्याचे ठरविले. ज्या तेलात ओलेइक आम्ल शेकडा ७० तरी आहे, असे तेल रोज सुमारे २० ग्रॅम, म्हणजे दीड मोठा चमचा, सेवन केल्यास हृदयविकाराचा धोका कदाचित कमी होईल, असा तो दावा. पुरावा अनुकूल असला तरी निर्णायक नाही, हेही त्यातच छापावे लागते.

मुख्य अट पुढेच आहे. हे तेल लोणी, तूप, खोबरेल यांसारख्या संपृक्त स्निग्ध पदार्थांच्या ऐवजी घ्यावयाचे, त्यांच्या जोडीस नव्हे. संपृक्त मेदाने रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते. त्याची जागा ओलेइक आम्लाने घेतली म्हणजे ते उतरते. रोजचे तूप तसेच ठेवून वर २० ग्रॅम तेल घेतले, तर काय साधणार? दर ग्रॅमास ९ या हिशेबाने १८० कॅलरींची भर तेवढी पडेल.

नावावरही विसंबू नये. आपल्याकडील जुन्या वाणांच्या करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल पुष्कळ व ओलेइक थोडेच असते. वरील दाव्यास पात्र ठरलेले करडईचे तेल निराळ्या वाणाचे आहे.

‘कोलेस्टेरॉलविरहित’ ही बढाई तर गमतीचीच. कोलेस्टेरॉल हा प्राण्यांच्या शरीरातील पदार्थ; वनस्पतीच्या तेलात तो असलाच तर नाममात्र. तेव्हा ही बढाई कोणत्याही घाण्याच्या तेलास मारता येईल.