‘बिनकामाच्या’ डीएनएमध्ये सापडली कळ

थॅलेसेमिया मेजर झालेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. त्याने शरीरात लोह साठते. ते काढायला वेगळी औषधे लागतात. अशा रुग्णांसाठी आता जनुकोपचाराची वाट निघाली आहे. ती सापडली डीएनएच्या अशा भागात, ज्याला एकेकाळी ‘कचरा’ म्हटले जाई.

आपल्या डीएनएपैकी जेमतेम दोन टक्के भागात प्रथिने बनवण्याचा मजकूर असतो. उरलेल्या भागात काही कळा असतात. कोणते जनुक कोणत्या पेशीत कधी चालवायचे, हे त्या ठरवतात.

आईच्या पोटात बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. जन्मानंतर ‘बीसीएल११ए’ हे जनुक ते बंद पाडते आणि मोठ्यांचे हिमोग्लोबिन सुरू होते. थॅलेसेमिया व सिकलसेलमध्ये बिघाड असतो तो या दुसऱ्यात. मग पहिलेच पुन्हा सुरू करावे. पण हे जनुक इतर पेशींनाही लागते, ते सरसकट तोडता येत नाही. शास्त्रज्ञांना त्याच जनुकातल्या बिनमजकुराच्या तुकड्यात, फक्त तांबड्या पेशींपुरती चालणारी कळ सापडली. रुग्णाच्या मूळ पेशी बाहेर काढून ‘क्रिस्पर’ तंत्राने तेवढी कळ तोडतात. केमोथेरपी देऊन मज्जेत जागा करतात आणि त्या पेशी परत सोडतात. ‘कॅसजेव्ही’ नावाच्या या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने मान्यता दिली.

अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. म्हणूनच पुण्याकडे लक्ष आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सिकलसेलवरील ‘बिरसा १०१’ हा देशी क्रिस्पर उपचार जाहीर झाला. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने तो घडवला आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला दिले. तो स्वस्त झाला, तर विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांनाही आधार मिळेल.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. आई-वडील दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक स्वतः धडधाकट दिसतो. फार तर थोडा अशक्तपणा. चुलत-मामे नात्यात निकाह ठरत असेल, तर दोघांकडे एकच दोष असण्याचा संभव वाढतो. मंगनीआधी दोघांची ‘एचपीएलसी’ ही रक्ततपासणी करून घ्यावी. साधी हिमोग्लोबिनची तपासणी पुरत नाही. दोघे वाहक निघाले, तरी घाबरू नये. डॉक्टरांशी बोलून, सारे जाणून पुढचा निर्णय घ्यावा. निकाह झाला असेल, तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच तपासणी करावी.