चौकट : सुरतेच्या लुटीत वाचलेला मठ

स्थळ : फादर अँब्रोझ यांचा कापुचिन पंथाचा मठ, सुरत.

काळ : जानेवारी १६६४, शिवाजी महाराजांची पहिली स्वारी. दुसरी ऑक्टोबर १६७० मध्ये.

घटना : मोगल अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडला; शहर उघडे पडले. इंग्रजांनी जॉर्ज ऑक्झेंडनच्या नेतृत्वाखाली वखार लढवण्याची तयारी केली. पाद्र्यांच्या मठाला मात्र महाराजांनी धक्का लावू दिला नाही. डचांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घरही वाचले. तो हयातीत फार दानशूर होता, हे त्यामागचे कारण. लुटीच्या धामधुमीतही त्याच्या दानशूरपणाची दखल घेतली गेली, हे विशेष.

आधार : फ्रेंच प्रवासी फ्रान्स्वा बर्निए याचा वृत्तांत.

इमर्सिव्ह प्रयोग : हा प्रसंग अशा नाट्यप्रयोगातून मांडता येईल. त्यात रंगमंच आणि प्रेक्षागृह वेगळे नसतात, प्रेक्षक प्रसंगाच्या आत असतात. पथनाट्य चौकात लोकांपर्यंत जाते, इथे बहुधा वास्तूच नेपथ्य होते.