घटक ४ : दाद आणि रसग्रहण – छायाचित्रकारांच्या ऑनलाइन कलासमूहांतील प्रतिसादाची भाषा

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• छायाचित्रकारांच्या ऑनलाइन कलासमूहांत भाषा कोणकोणती कार्ये करते, हे सांगता येईल.
• दाद, औपचारिक प्रतिसाद आणि रसग्रहण यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• एखाद्या छायाचित्रावर रसग्रहणात्मक प्रतिसाद लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, यापूर्वीच्या घटकांत आपण कवितेचे आणि कथेचे रसग्रहण अभ्यासले. तेथे कलाकृती शब्दांची होती आणि तिच्याविषयी बोलण्याचे साधनही शब्दच होते. छायाचित्राच्या बाबतीत तसे नसते. तेथे प्रकाश, छाया, आकार आणि क्षण यांतून घडलेल्या गोष्टीविषयी शब्दांत बोलावे लागते. आज असंख्य हौशी व व्यावसायिक छायाचित्रकार आपले काम ऑनलाइन कलासमूहांत मांडतात, एकमेकांचे काम पाहतात आणि वाखाणतात. हे वाखाणणे म्हणजे एक भाषाव्यवहारच होय. तो कधी कलावंताला पुढे नेतो, तर कधी आहे तेथेच थांबवतो. असे का घडते, याचा विचार आपण या घटकात करणार आहोत.

४.२ पार्श्वभूमी

छायाचित्रकारांनी एकत्र येऊन एकमेकांचे काम पाहण्याची प्रथा इंटरनेटपेक्षा कितीतरी जुनी आहे. लंडनमध्ये १८५३ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईतही अशी संस्था उभी राहिली. अशा मंडळांच्या बैठकांतून आणि प्रदर्शनांतून छायाचित्रे पाहिली जात आणि त्यांवर चर्चा होई. तेथे पाहणारा आणि दाखवणारा समोरासमोर असत. चित्राच्या एखाद्या कोपऱ्यावर बोट ठेवून ‘येथे काळोख अधिक झाला आहे’ असे सांगता येत असे.

ऑनलाइन समूहांनी हे वर्तुळ विस्तारले. डेव्हियंटआर्ट हे संकेतस्थळ २००० साली सुरू झाले. तेथे चित्रकार, रेखाटनकार आणि छायाचित्रकार एकत्र आले. २००४ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथून फ्लिकर सुरू झाले आणि छायाचित्रकारांना स्वतःचे समूह स्थापन करता येऊ लागले. २०१० मध्ये इन्स्टाग्राम आले आणि भ्रमणध्वनीवरून छायाचित्र प्रसिद्ध करणे ही क्षणाची बाब झाली. या वाटचालीत प्रतिसाद देणेही सोपे होत गेले. तारा किंवा बदाम यांच्या चिन्हावर बोट टेकवले की पसंती पोहोचते. मात्र जे सोपे झाले, त्यात बोट ठेवून दाखवण्याची कृती मागे पडली.

४.३ ‘वा!’ या उद्गाराचे भाषिक कार्य

शास्त्रीय संगीताच्या बैठकीत गायक समेवर येतो आणि श्रोत्यांतून ‘वा!’ असा उद्गार निघतो. शब्दकोशाच्या दृष्टीने या उद्गारात फारसा अर्थ नाही. तरीही गायकाला तो नेमका कळतो, कारण तो एका विशिष्ट क्षणी आलेला असतो. आपली दाद कोणत्या जागेला आहे, हे श्रोत्याला शब्दांनी सांगावे लागत नाही. निर्देशाचे काम वेळच करते. जाणकार श्रोता आणि इतर श्रोते यांतील फरक बहुधा दादेच्या शब्दांत नसून तिच्या जागेत असतो.

छायाचित्र काळात उलगडत नाही. ते एकदम समोर येते. म्हणून त्याखाली लिहिलेले ‘वा!’ किंवा ‘अप्रतिम!’ निर्देशहीन ठरते. दाद प्रकाशाला आहे, चेहऱ्यावरील भावाला आहे, की केवळ स्थळाच्या सौंदर्याला आहे, हे छायाचित्रकाराला कळण्यास मार्ग नसतो. बैठकीत जे काम काळ करतो, ते येथे शब्दांनीच केले पाहिजे. हा या घटकातील मध्यवर्ती मुद्दा आहे.

फ्लिकरच्या सुरुवातीच्या काळात छायाचित्राच्या एखाद्या भागावर चौकट आखून तेथेच टीप लिहिण्याची सोय होती. प्रदर्शनात चित्रावर बोट ठेवण्याच्या कृतीची ती ऑनलाइन प्रतिकृतीच म्हणता येईल.

४.४ संपर्कासाठी वापरलेली भाषा

मानवशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ साली भाषेच्या एका वेगळ्या कार्याकडे लक्ष वेधले. माणसे पुष्कळदा माहिती देण्यासाठी बोलत नाहीत. परस्परांतील नाते टिकवण्यासाठी बोलतात. ‘काय, कसं काय?’ या प्रश्नाला तपशीलवार उत्तर अपेक्षित नसते, हे आपण जाणतोच.

ऑनलाइन कलासमूहांतील बराचसा प्रतिसाद या प्रकारचा असतो. फ्लिकरवरील काही समूहांचा नियमच असा होता, की एक छायाचित्र मांडणाऱ्याने इतरांच्या ठरावीक संख्येच्या छायाचित्रांना दाद द्यावी. त्यासाठी तयार सन्मानचिन्हेही असत; ती जशीच्या तशी चिकटवली जात. लग्नसमारंभातील आहेराप्रमाणे येथे देणे आणि परतफेड यांचा हिशेब राहतो. या व्यवहाराला निरर्थक मानणे योग्य नव्हे. एकट्याने काम करणाऱ्या नवोदिताला ‘तुझे काम कोणीतरी पाहिले’ ही जाणीव मोलाची वाटते. परंतु अशा ऐंशी प्रतिसादांतूनही पुढील छायाचित्र कसे घ्यावे, हे त्याला कळत नाही. केवळ संख्या हाती लागली, तर ज्याला संख्या अधिक मिळते तेच पुन्हा टिपण्याकडे मन वळते. कलावंताची वाढ येथेच खुंटू शकते.

४.५ नियमांची भाषा

दादेच्या विरुद्ध टोकाला निवाडा असतो. फ्लिकरवर एक समूह असा होता, की त्यात मांडलेले छायाचित्र ठेवावे की काढून टाकावे, याचा कौल सदस्य देत. २००६ साली एका सदस्याने तेथे आंरी कार्तिए-ब्रेसाँ या ख्यातनाम फ्रेंच छायाचित्रकाराचे १९३२ सालचे, फ्रान्समधील इएर येथे घेतलेले छायाचित्र मांडले. वळणाऱ्या पायऱ्या आणि खालच्या रस्त्यावरून वेगाने जाणारा सायकलस्वार, असे ते सुप्रसिद्ध चित्र होय. ते कोणाचे आहे हे न ओळखता सदस्यांनी ते नापसंत केले. सायकलस्वार अस्पष्ट आहे, हा मुख्य आक्षेप होता.

सदस्यांचा आक्षेप वस्तुस्थितीला धरूनच होता. सायकलस्वार खरोखर अस्पष्ट आहे. मोठ्या नावापुढे मान तुकवली नाही, हाही त्यांचा दोष नव्हे. त्रुटी प्रतिसादाच्या रचनेत होती. ‘अस्पष्ट आहे’ हे वर्णन आणि ‘म्हणून वाईट आहे’ हा निर्णय यांच्यामध्ये एक प्रश्न वगळला गेला : ही अस्पष्टता या चित्रात कोणते काम करते? तो विचारला असता, तर असे दिसले असते की पायऱ्या आणि लोखंडी कठडा यांचा वळसा नजरेला रस्त्यापर्यंत नेतो आणि नजर पोहोचते तोवर सायकलस्वार जणू निसटून चाललेला असतो. स्थिर वळसा आणि निसटता वेग यांच्या विरोधावरच चित्र उभे आहे.

४.६ प्रतिसादातून ज्ञाननिर्मिती

प्रतिसादाची भाषा नेमकी असली तर काय साधते, याचे उदाहरण जानेवारी २००८ मध्ये मिळाले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या संग्रहातील सुमारे ३००० जुनी छायाचित्रे फ्लिकरवर खुली केली. पाहणाऱ्यांनी केवळ वाहवा केली नाही. कोणी इमारत ओळखली, कोणी व्यक्तीचे नाव सांगितले, तर कोणी प्रसंगाची तारीख शोधून काढली. ग्रंथालयाने ही माहिती पडताळली आणि त्याच वर्षात ५००हून अधिक छायाचित्रांच्या नोंदींत भर घातली. पाहणाऱ्याने ‘काय दिसते’ हे नेमकेपणाने लिहिले, म्हणून हे शक्य झाले.

४.७ रसग्रहणात्मक प्रतिसादाची रचना

अशा प्रतिसादाचे तीन टप्पे मानता येतील : (१) निर्देश – चित्रातील कोणत्या जागेविषयी बोलत आहोत, (२) परिणाम – ती जागा पाहणाऱ्यावर काय घडवते, (३) विचारणा – छायाचित्रकारासाठी एखादा प्रश्न किंवा सूचना.

समजा, आपल्यापुढे वारीतील एक छायाचित्र आहे. पावसात डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली वृद्धा आणि मागे दिंडीची गर्दी आहे. त्यावर दोन प्रतिसाद पाहा.

(अ) ‘खूपच सुंदर! डोळ्यांचे पारणे फिटले!’

(आ) ‘मागची गर्दी पावसात विरघळल्यासारखी आहे, वृंदावन धरलेला हात मात्र स्पष्ट आहे. त्यामुळे गर्दीत असूनही आजी एकट्या चालल्यासारख्या वाटतात. उजव्या कडेची मोटार चौकटीत मुद्दाम ठेवली आहे का? माझी नजर सारखी तिकडे जाते.’

पहिल्या प्रतिसादात आपुलकी आहे. पण तो कोणत्याही छायाचित्राखाली शोभेल. दुसरा याच छायाचित्राखाली शोभतो. त्यात दोष सांगितला आहे, तोही प्रश्नाच्या रूपाने. त्यामुळे छायाचित्रकाराच्या हेतूला जागा राहते. ‘हे वाक्य दुसऱ्या छायाचित्राखाली चालेल का?’ हा प्रश्न आपल्या प्रत्येक प्रतिसादाला विचारून पाहावा. उत्तर ‘होय’ आले, तर पुन्हा एकदा छायाचित्र पाहावे.

४.८ सारांश

छायाचित्रकारांच्या ऑनलाइन कलासमूहांत भाषा संपर्क राखते, निवाडा देते आणि रसग्रहणही करते. बैठकीतील दादेला काळाचा आधार असतो. छायाचित्राच्या दादेला तो नसल्यामुळे निर्देश शब्दांतूनच करावा लागतो. केवळ संख्या कलावंताला मान देते. निर्देशयुक्त प्रतिसाद त्याला दृष्टी देतो. असा प्रतिसाद लिहिताना लिहिणाऱ्याचीही नजर घडते, हा या भाषाव्यवहाराचा दुहेरी लाभ होय.

४.९ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. संगीताच्या बैठकीतील दाद आणि छायाचित्रावरील दाद यांतील भाषिक फरक स्पष्ट करा.
२. इएर येथील छायाचित्राच्या उदाहरणावरून वर्णन आणि निर्णय यांतील अंतर विशद करा.
३. आपल्या परिचयातील कोणाही व्यक्तीने घेतलेले एक छायाचित्र निवडा. त्यावर तीनही टप्पे असलेला १०० शब्दांचा रसग्रहणात्मक प्रतिसाद लिहा आणि तो त्या व्यक्तीस वाचून दाखवा.