भिरंडेल : एका बीजस्नेहाची ओळख

विद्यालयाच्या स्मृतिव्याख्यानास जमणाऱ्या माजी विद्यार्थ्यांत आता साठी ओलांडलेल्यांची संख्या बरीच असते. व्याख्यान संपल्यावर परस्परांची विचारपूस होते, तीत गुडघे, डोळे आणि टाचांच्या भेगा यांचा उल्लेख हटकून येतो. या शेवटच्या दुखण्यावर गोमंतकातील घरोघरी एक उपाय ठाऊक असे. त्या भिरंडेलाविषयी साहित्याच्या एका जुन्या अध्यापकाने चार शब्द सांगितले, तर ते अस्थानी ठरू नयेत.

प्रथम शब्दाकडे पाहू. संस्कृतातील ‘तैल’ हा शब्द ‘तिल’ म्हणजे तीळ यावरून सिद्ध झाला आणि पुढे सर्वच तेलांना लागू झाला. मराठीत खोबरेल, एरंडेल, करंजेल हे शब्द त्यातूनच घडले. भिरंडेल त्याच कुळातले. गोव्यात ज्याला भिरंड म्हणतात, तोच कोकणातील रातांबा. त्याचे शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. कोकणात या तेलास मुठेल असेही नाव आहे. ‘मूठ’ आणि ‘तेल’ हे दोन्ही शब्द त्यात स्पष्ट दिसतात.

उन्हाळ्याच्या अखेरीस फळे पिकतात. साल सोलांसाठी जाते, रसाचे आगळ होते आणि बी उरते. ती धुऊन, वाळवून, फोडून आतला गर कुटतात व पाण्यात उकळतात. वर तरंगणारा स्नेह काढून घेतला, की निवल्यावर थिजतो. मग त्याचे गोळे वळतात. बीच्या वजनाच्या सुमारे चतुर्थांश इतका स्नेह तीत असतो. आज मलमांच्या वेष्टनांवर ‘कोकम बटर’ असे छापलेले आढळते, ते हेच.

त्याचा गुण कशात आहे? आपल्या त्वचेवर अन्यत्र तैलग्रंथी असतात. तळहात व तळपाय यांवर त्या नसतात. त्यामुळे टाचेची जाड कातडी लवकर कोरडी पडते आणि शरीराच्या भाराने चिरते. भिरंडेलात निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल आणि ४० टक्क्यांच्या आसपास ऑलेइक आम्ल असते. म्हणून ते साध्या तापमानात घट्ट राहते, लवकर खवट होत नाही आणि किंचित ऊब मिळताच पसरते. त्वचेवर त्याचा पातळ थर बसला, की आतील ओलावा उडून जाण्यास अटकाव होतो आणि कातडी मऊ पडते. रात्री पाय कोमट पाण्याने धुऊन, नीट टिपून, कोमट केलेले भिरंडेल टाचांना चोळावे व सुती मोजे घालावेत. बोटांच्या बेचक्यांत मात्र ते लावू नये. तेथे ओल साचून बुरशी धरते.

तथापि हे संरक्षण आहे, औषध नव्हे. हा भेद मला फार उशिरा कळला. माझ्या थोरल्या बंधूंना मधुमेह होता. पायांची संवेदना मंदावलेली होती. अंगठ्याखालच्या भेगेत काटा शिरला, तो त्यांना जाणवलाच नाही. आम्ही नित्यनेमाने भिरंडेल लावीत राहिलो आणि आतली जखम चिघळत गेली. अखेरीस त्यांचा अंगठा काढावा लागला. दोष भिरंडेलाचा नव्हता. त्याच्या अंगी नसलेला गुण त्यास चिकटवणाऱ्या आमचा होता.

मधुमेहात पायांना घाम कमी येतो, भेगा वाढतात आणि वेदना मात्र इशारा देत नाही. म्हणून अशा व्यक्तीने रोज तळपाय स्वतः पाहावेत किंवा घरच्यांकडून पाहवून घ्यावेत. पाण्याची ऊबही दुसऱ्याने तपासावी. भेगेतून रक्त, पू, दुर्गंधी किंवा सूज दिसली, तर त्याच दिवशी वैद्यांस दाखवावे.

आजीच्या फडताळातील तो पांढुरका गोळा टाकून देण्याजोगा नाही. तो आदराने वापरावा. पण लावण्यापूर्वी पाय उजेडात धरून नीट पाहावा, एवढेच या निमित्ताने सुचवावेसे वाटते.