यंत्राने ओळख नाकारली तर

नोव्हेंबर महिना लागला की दवाखान्यात एक वेगळीच तक्रार ऐकू येऊ लागते. "डॉक्टर, बोटांवर काही औषध आहे का? बँकेत अंगठा उमटत नाही." विचारणारी व्यक्ती बहुधा सत्तरीच्या पुढची असते. निवृत्तिवेतन चालू राहावे यासाठी हयातीचा दाखला देण्याचा हा महिना. यंत्रावर एकामागून एक बोट ठेवले जाते, लाल दिवा लागतो, मागची रांग कुरकुरते आणि आयुष्यभर स्वतःची कामे स्वतः केलेला माणूस अपराध्यासारखा बाजूला होतो. तीन दिवस अशा खेपा घालून आलेल्या एका निवृत्त शिक्षिकेचा रक्तदाब मी मोजला, तेव्हा तो १७८ वर होता. त्यांना गोळीपेक्षाही एका स्पष्टीकरणाची गरज होती. त्या बोटांना झाले तरी काय, हे त्यांना कोणीच सांगितले नव्हते.

हे स्पष्टीकरण पुष्कळांना हवे असते, कारण सरकारी सेवांचा मार्ग आता मोठ्या प्रमाणावर संगणकातून जातो. आधार योजनेतील पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावात दिला गेला. 'जीवन प्रमाण' हा डिजिटल हयातीचा दाखला नोव्हेंबर २०१४ मध्ये आला आणि १ जुलै २०१५ रोजी 'डिजिटल इंडिया' कार्यक्रमाची सुरुवात झाली. पुढे रास्त भाव दुकानातील शिधा, अनुदाने, दाखले, रुग्णालयातील केसपेपर असे बरेच काही त्यात आले. याचा लाभ झाला हे मी प्रत्यक्ष पाहतो. पूर्वी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दाखल्यासाठी खुर्चीत बसवून बँकेच्या पायऱ्या चढवत. नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली आणि तेच काम घरातल्या साध्या अँड्रॉइड मोबाइलवर, रुग्णाच्या उशाशी बसून होऊ लागले. गावातल्या केंद्रातून ई-संजीवनीद्वारे जिल्ह्याच्या डॉक्टरांचा सल्ला मिळणे हीसुद्धा लहान गोष्ट नव्हे. अडचण इतकीच, की या साऱ्या व्यवस्थेला माणूस त्याच्या शरीरावरून ओळखायचा असतो, आणि शरीर बदलत असते.

बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच, साधारण सहाव्या महिन्यापर्यंत तयार होतात. त्यांचा आराखडा जन्मभर तोच राहतो. त्यांचा उंचवटा मात्र राहत नाही. वयानुसार त्वचा पातळ होते, तिची लवचीकता घटते, घर्मग्रंथी मंदावतात. रेषा सपाट होतात आणि त्यांना आडव्या छेदणाऱ्या बारीक सुरकुत्या पडतात. स्कॅनरला रेषांमधले चढउतार आणि थोडा ओलावा लागतो. आपल्याकडच्या हातांनी तर चाळीस-पन्नास वर्षे राखेने भांडी घासलेली असतात, खुरपे धरलेले असते, सिमेंट कालवलेले असते. मधुमेहात घाम आणणाऱ्या नसा दुबळ्या होऊन त्वचा अधिकच कोरडी पडते. थायरॉइडच्या न्यूनतेतही तसेच घडते. स्तनाच्या व आतड्याच्या कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या कॅपेसायटाबीन या औषधाने काही रुग्णांच्या बोटांची कातडी सोलवटून ठसे जवळजवळ नाहीसे होतात. आणि हयातीच्या दाखल्यासाठी महिना नेमला आहे तो नेमका थंडी सुरू होऊन त्वचा फुटण्याचा! हा महिना ठरवताना कोणी त्वचारोगतज्ज्ञाला विचारले नसावे.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की ठसा न उमटणे हा आपला दोष नाही आणि बहुतेक वेळा तो गंभीर आजारही नसतो. काही साधे उपाय उपयोगी पडतात. जाण्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून रात्री झोपताना बोटांच्या टोकांना खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली चोळावी. त्या दिवशी सकाळी हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करावेत. तेलकट बोट यंत्रावर ठेवू नये. बोट फार कोरडे वाटले तर ओल्या फडक्याला किंचित टेकवून घ्यावे. नोंदणी दहाही बोटांची झालेली असते, त्यामुळे अंगठ्यावरच अडून न बसता इतर बोटेही लावून पाहावीत. ज्या हाताने आपण कष्टाची कामे कमी करतो, त्याची बोटे अनेकदा चटकन जुळतात. आणखी एक कारण मला वारंवार आढळते. फसवणुकीच्या भीतीने मुलांनी ऑनलाइन जाऊन आईवडिलांच्या आधारची बायोमेट्रिक माहिती कुलूपबंद केलेली असते आणि नंतर ते साऱ्यांच्याच विस्मरणात जाते. मग बोट कितीही मऊ केले तरी यंत्र नकारच देते. खेपा घालण्यापूर्वी हे कुलूप तपासावे.

बोट जमत नसेल तर बुबुळ आणि चेहरा हे दोन मार्ग उरतात. मात्र पापण्या ओघळल्या असतील, तर बुबुळाचे चित्र नीट येत नाही. चेहऱ्याच्या बाबतीत समोर जिवंत माणूस आहे, छायाचित्र नाही, याची खात्री करण्यासाठी मोबाइल डोळ्यांची उघडझाप करायला सांगतो. निरोगी माणूस मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापण्या लववतो. कंपवाताच्या रुग्णात हे प्रमाण फार घटते आणि चेहरा मुखवट्यासारखा स्थिर होतो. चेहऱ्याच्या नसेला इजा होऊन एका बाजूचा चेहरा लुळा पडला असेल तर त्या बाजूचा डोळा नीट मिटत नाही. अशा रुग्णाला घरचे "अहो, डोळे मिटा ना!" म्हणून ओरडतात, तेव्हा मला फार वाईट वाटते. त्यांच्या स्नायूंना ते शक्य असते तर त्यांनी केव्हाच केले असते. तोंड धुवून, चष्मा काढून, खिडकीसमोर तोंड करून बसवावे, घाई करू नये आणि चार प्रयत्नांनंतर थांबावे. दुसरा मार्ग असतोच.

तो मार्ग मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या स्त्रिया आणि एक दृष्टिहीन व्यक्ती हीच उघडझापीची अट घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या अधिकाराचाच भाग आहे. ओळख पटवण्यासाठी उघडझापीला पर्याय द्यावा आणि ग्राहकाची ओळख कागदपत्रांवरून पटवण्याची जुनी पद्धतही चालू ठेवावी, असे निर्देश त्यात आहेत. हा निकाल प्रामुख्याने अपंग व्यक्तींच्या याचिकांवरचा असला, तरी कंपवाताने ग्रासलेल्या ऐंशी वर्षांच्या गृहस्थांची अडचण याहून निराळी नाही.

त्याच्याही आधी, ऑक्टोबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने परिपत्रक काढून सांगितले होते, की ठसा जुळला नाही एवढ्यावरून कोणाचा शिधा किंवा लाभ नाकारू नये. नोव्हेंबर २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने सत्तरीपुढील व आजारी ग्राहकांना रोकड, कागदपत्रे आणि हयातीचा दाखला यांची सोय घरपोच देण्याचे निर्देश बँकांना दिले. टपाल खात्याचा पोस्टमनही ठरावीक शुल्क घेऊन घरी येतो आणि डिजिटल दाखला काढून देतो. बँकेत स्वतः जाऊन कागदावरचा दाखला देण्याची रीतही संपलेली नाही. खिडकीवरचा कारकून "आता सगळे ऑनलाइन आहे" असे म्हणाला, तर वाद न घालता शाखाधिकाऱ्यांच्या नावे दोन ओळींचा अर्ज लिहावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. कागदावर लिहून मागितलेली गोष्ट तोंडी नाकारणे सोपे नसते. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना ऐंशीनंतर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो; म्हणजे थंडी व गर्दी दोन्ही टळतात. आणि नोव्हेंबर हुकला, वेतन थांबले, तरी दाखला दिल्यावर ते थकबाकीसह पुन्हा सुरू होते. पैसे बुडाले या धास्तीने औषधे अर्ध्यावर आणणारे रुग्ण मी पाहिले आहेत. रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेणे हा त्या धास्तीचा सर्वांत महागडा परिणाम असतो.

शरीरानंतर मेंदूचा प्रश्न. एका ठिकाणी अर्ज उघडा, दुसरीकडे संदेश येईल, त्यातले सहा आकडे लक्षात ठेवा, परत या आणि वेळ संपायच्या आत भरा. ओटीपीचे हे काम तात्पुरत्या स्मरणशक्तीवर आणि लक्ष विभागण्याच्या क्षमतेवर बेतलेले आहे, आणि निरोगी वार्धक्यात नेमक्या याच दोन गोष्टी मंदावतात. त्यात कोरड्या बोटाला मोबाइलची काच दाद देत नाही, हात थरथरतो, पांढऱ्यावर फिकट करड्या रंगात लिहिलेली सूचना मोतीबिंदूतून दिसत नाही. एखाद्या आजोबांना नवे ॲप जमले नाही म्हणून घरात "यांना विसरायला होऊ लागले" अशी कुजबुज सुरू होते. नवी गोष्ट न जमणे हे स्मृतिभ्रंशाचे लक्षण नव्हे. मात्र जी व्यक्ती गेली चार वर्षे मोबाइलवरून विजेचे बिल बिनचूक भरत होती, ती आता त्याच कामात अडखळू लागली, तेच बिल दोनदा भरू लागली किंवा रकमेत शून्याची चूक करू लागली, तर ती गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी. येत असलेली कामे निसटू लागणे ही लवकर ओळखण्याजोगी खूण आहे. कधी त्यामागे बी-१२ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्य निघते, आणि त्यावर उपचार आहेत.

सांभाळ करणाऱ्यांशी येथे थोडे स्पष्ट बोलायला हवे. आईच्या आधारला मुलाचा मोबाइल क्रमांक जोडणे सोयीचे असते, पण मग तिच्या पैशांविषयीचा, शिध्याविषयीचा, उपचारांविषयीचा प्रत्येक संदेश पुण्याला किंवा बंगळुरूला मुलाच्या खिशात वाजतो. मुलगा बैठकीत असेल तर आई गावातल्या केंद्रावर ताटकळते. बहुतेक मुले प्रामाणिक असतात, तरीही आपल्या खात्यात काय आले हे दुसऱ्याकडून कळणे माणसाला आतून खचवते. झोप न येण्याच्या तक्रारीखाली हे दुःख मी अनेकदा पाहिले आहे. शक्य असेल तर त्यांचाच क्रमांक जोडावा आणि रिचार्जअभावी तो बंद पडू देऊ नये. अक्षरे मोठी करून द्यावीत. काम मुलीने केले तरी मोबाइल आईच्या हातात असावा, आणि काय केले ते त्याच दिवशी तिच्या वहीत लिहून द्यावे. पिन मात्र वहीत लिहू नये. निवृत्तिवेतन कार्यालय दूरध्वनीवरून दाखल्याचे नूतनीकरण करून देत नाही. असा दूरध्वनी आला तर तो ठेवून द्यावा, आणि पैसे गेलेच तर विनाविलंब १९३० वर कळवावे.

आरोग्याशी थेट संबंध असलेली एक गोष्ट अजूनही पुष्कळ घरांत पोहोचलेली नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू शकते. त्यावर कुटुंबातील अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार आहेत. खासगी विमा असला तरी चालतो. वय आधारवरून धरले जाते, आणि गोम तेथेच आहे. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लिहिलेली आपली पिढी मोठी आहे. काहींच्या आधारवर तर नुसते वर्षच आहे, तेही अंदाजाने सांगितलेले. खरे वय बहात्तर आणि कागदावर अडुसष्ट, अशा माणसाला हे कार्ड मिळत नाही. ही दुरुस्ती हृदयविकाराच्या झटक्यानंतर अतिदक्षता विभागाच्या दाराशी करता येत नाही. ती प्रकृती धड असताना करून ठेवावी. कार्डही आताच काढावे. चौकशीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे. रुग्णालयात विचारला जाणारा चौदा अंकी आभा क्रमांक मात्र ऐच्छिक आहे. मी तो काढायला सुचवतो, कारण पिशवीतून निम्मे अहवाल हरवतात. पण तो नाही म्हणून कोणी तपासणी नाकारू शकत नाही.

डिजिटल दाखला निघाला की मोबाइलवर 'प्रमाण आयडी' येतो. तो निघाला म्हणजे बँकेने स्वीकारलाच असे नाही. निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा किंवा खात्याचा क्रमांक चुकला तर तो मागाहून फेटाळला जातो. आठवड्याने त्याची स्थिती पाहावी, डिसेंबरअखेर पासबुकात जमा झालेली रक्कम तपासावी, आणि तो क्रमांक औषधांच्या फाइलच्या आतल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. घरात मदतीला कोणी नसेल तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या निःशुल्क राष्ट्रीय मदतवाहिनीवर निवृत्तिवेतनाविषयी मार्गदर्शन मिळते.